छोटा स्पीकर निवडताना: शेवटच्या रांगेत आकडा ऐकू आला पाहिजे

शेतीशाळा, बचत गटाची बैठक, पालकसभा, ग्रामसभा, अंगणवाडीतलं पोषणाचं सत्र. विदर्भातल्या गावांतून अशा कामासाठी फिरणाऱ्या नव्या कृषी सहाय्यकाला, गटाच्या ताईला किंवा शिक्षकाला लवकरच जाणवतं की दिवसाला दोन-दोन सभा घ्यायला घसा पुरत नाही. मग स्पीकरचा शोध सुरू होतो. दुकानात समोर मांडलेले छोटे स्पीकर जवळपास सगळे गाण्यांसाठी बनवलेले असतात: घुमणारा बेस, रंगीत दिवे, खोक्यावर वॅटचा मोठा आकडा. त्यातला सगळ्यात दणदणीत निवडून आणला जातो, आणि पहिल्याच सभेत मागून कुणीतरी म्हणतं, "आवाज तं येते भाऊ, पन समजून नाही राह्यलं."

म्हणून मी इथे एकच कसोटी धरून चालणार आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुम्ही सांगितलेला आकडा जसाच्या तसा ऐकू आला पाहिजे. गावच्या सभेतली सगळ्यात मोलाची गोष्ट बहुधा आकड्यातच असते. दहा लिटर पाण्याला औषध किती मिली, गोळी दिवसातून किती वेळा, अर्जाची शेवटची तारीख कोणती. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सुरक्षित फवारणीची माहिती ज्याच्यासाठी आहे तो पंप पाठीवर घेणारा मजूर सभेत बहुतेक वेळा सगळ्यात मागे, दाराशी उभा असतो. बाया भिंतीला टेकून बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत 'आठ' हा 'साठ' होऊन पोचला, तर सभा न घेतलेली बरी.

'आठ' आणि 'साठ' यांत फरक फक्त एका 'स'चा आहे, आणि इथेच स्पीकरची खरी परीक्षा होते. आपल्या आवाजाचा जाडपणा १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो, पण स, श, च, ट, फ ही अक्षरं ओळखू येतात ती २००० हर्ट्झच्या वरच्या बारीक आवाजामुळे. बेसवर भर देणारा स्पीकर आवाज भारदस्त करतो आणि अक्षरं झाकून टाकतो. म्हातारपणी कान आधी हाच बारीक आवाज गमावतात, त्यामुळे सभेतल्या आजी-आजोबांना घुमणारा स्पीकर दुप्पट त्रासाचा होतो.

पहिली पायरी: जागा आणि माणसं लिहून काढा

खरेदीआधी एका कागदावर तुमच्या सभा कुठे होतात आणि किती माणसं येतात ते लिहा. आपल्याकडे साधारण चार प्रकारच्या जागा निघतात.

जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं असली, तर खऱ्या ५ ते १० वॅटचा स्पीकर पुरतो. पाराखाली किंवा मंदिरासमोरच्या अंगणात साठ-सत्तर माणसं बसली, तर २० ते ४० वॅट लागतात, कारण मोकळ्यावर आवाज परतवणारी भिंत नसते. वावरात, बांधावर माणसं उभी असतात, वारा असतो, आणि तुम्ही पऱ्हाटीच्या ओळीतून चालत गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा दाखवत असता. तिथे स्पीकर अंगावरच हवा. चौथी जागा टिनाच्या छपराचं समाजमंदिर. ही सगळ्यात अवघड. टिन आणि फरशी मिळून आवाज इतका परतवतात की मोठा स्पीकर लावला की गोंधळही तेवढाच वाढतो. तिथे एका मोठ्यापेक्षा दोन छोटे स्पीकर लोकांच्या जवळ ठेवून हळू आवाजात लावावेत. टिनावर पावसाची सर आली तर थांबा. त्या आवाजावर मात करेल असा स्पीकर हातात धरून नेता येत नाही.

दीडशे-दोनशे माणसांची सभा असेल तर छोट्या स्पीकरचा हट्ट धरू नका. गावात मंडपवाल्याकडे साउंड असतो, तो सांगावा.

दुसरी पायरी: वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून हजारो वॅटचा दावा असेल तर तो आकडा वाचूच नका. 'आरएमएस' लिहिलेला आकडा बघा. स्पीकर सलग किती ताकदीनं वाजू शकतो ते तोच सांगतो.

आणखी एक हिशोब डोक्यात पक्का बसवा, कारण त्यानं पैसे वाचतात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट बाजूनं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. एका मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर २ मीटरवर ८४, ४ मीटरवर ७८, ८ मीटरवर ७२ आणि १६ मीटरवर ६६ डेसिबल देतो. समोरासमोरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. शब्द नीट कळायला तुमचा आवाज आजूबाजूच्या गलक्यापेक्षा १०-१५ डेसिबलनं वर हवा. म्हणजे शांत अंगणात १६ मीटरवरच्या माणसाला ऐकू येईल. बाजूला पोरं खेळत असतील आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असेल, तर येणार नाही.

याचा उपयोग असा: स्पीकर ऐकणाऱ्यापासून निम्म्या अंतरावर आणला की चौपट वॅटचं काम फुकटात होतं. २० ऐवजी ४० वॅटचा घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी लांब वायर घ्या आणि स्पीकर लोकांकडे सरकवा.

तिसरी पायरी: माइकचा विचार स्पीकरच्या आधी

नवीन माणसं सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

खिशात मावणारे बहुतेक ब्लूटूथ स्पीकर मोबाइलमधली गाणी वाजवण्यासाठी असतात, त्यांना माइक जोडायची सोयच नसते. त्यांच्यात कॉलसाठी छोटा माइक असतो, तो सभेसाठी चालत नाही. मग काही जण मोबाइलमध्ये माइकचं ॲप टाकून ब्लूटूथवरून बोलून बघतात. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतका उशिरा येतो. गाणं ऐकताना ते कळत नाही. पण स्वतःचाच आवाज एवढ्या उशिरानं कानावर पडला की बोलणाऱ्याची जीभ अडखळते, भलेभले वक्ते चाचरतात. जिवंत भाषणासाठी ब्लूटूथवर विसंबू नका, माइक थेट स्पीकरलाच जोडलेला हवा.

दुसरा सापळा कॉलर माइकचा. रील आणि व्हिडिओसाठी मिळणारे वायरलेस कॉलर माइक स्वस्त असतात आणि त्यांचा छोटा रिसीव्हर मोबाइलच्या टाइप-सी भोकात बसतो. तो रेकॉर्डिंगसाठी आहे. तो स्पीकरला जोडता येत नाही. स्पीकरसाठी असा वायरलेस माइक घ्या, ज्याच्या रिसीव्हरला ३.५ किंवा ६.३५ मिलिमीटरची पिन असेल. स्पीकरवर 'माइक इन' लिहिलेलं वेगळं भोक आहे का तेही बघा. 'ऑक्स' लिहिलेल्या भोकात साधा माइक लावला तर आवाज फार बारीक येतो, कारण माइकमधून येणारा प्रवाह अगदी क्षीण असतो आणि ऑक्सला मोबाइलसारखा तगडा प्रवाह लागतो.

मग पहिला स्पीकर कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे. कमरेला बांधायचा, डोक्यावरच्या माइकसह मिळणारा व्हॉइस ॲम्प्लिफायर. शिकवणीवाले, फेरीवाले आणि सहलीचे गाइड वापरतात तो. वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, दोन्ही हात मोकळे, वायर थेट त्यालाच. गाण्याला त्याचा आवाज पातळ लागतो, म्हणून दुकानदार तो पुढे करत नाही. पण बोलण्याला तो पातळपणाच कामाचा आहे, अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं. वावरातली शेतीशाळा, शाळेची खोली, बारा-पंधरा बायांची गटाची बैठक या तिन्ही ठिकाणी तो पुरतो. बहुतेकांत पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डही चालतं. अंगणातल्या मोठ्या सभा वारंवार होत असतील, तर पुढच्या वर्षी माइकची सोय असलेला २०-४० वॅटचा हँडलवाला स्पीकर जोडीला घ्यावा.

चौथी पायरी: प्रवासाचं गणित

तुम्ही मोटरसायकलवर फिरता की एसटीनं, यावर वजन ठरवा. चाकांचे ट्रॉली स्पीकर दुकानाच्या फरशीवर छान सरकतात. धारणीकडच्या घाटातल्या बसमध्ये किंवा भामरागडकडच्या पावसाळी रस्त्यावर ते ओझंच होतं. त्यांतल्या बऱ्याच स्पीकरमध्ये लेड-ॲसिड बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकटी बॅटरीच दोन किलोच्या वर भरते. पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल आणि एका हातानं उचलेल एवढाच घ्या.

बॅटरी लिथियमची आणि चार्जिंग टाइप-सीचं असेल असं बघा, म्हणजे मोबाइलचाच चार्जर आणि पॉवर बँक चालते. वेगळ्या गोल पिनचा चार्जर हरवला की तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. कंपनी 'दहा तास' लिहिते ते मध्यम आवाजावर. आवाज पूर्ण केला की तो वेळ निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. तुमच्या दिवसातल्या सगळ्या सभांचे तास मोजा आणि त्याच्या दुप्पट तास लिहिलेला स्पीकर घ्या. गावात पोचल्यावर चार्ज करू असं ठरवू नका, लाइन नेमकी तेव्हाच नसते. नागपूरहून विमानानं कुठे सादरीकरणाला जायचं असेल, तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ३.७ व्होल्टची ४००० एमएएचची, म्हणजे ४ अँपिअर-अवरची, बॅटरी १४.८ वॉट-अवर होते, त्यामुळे छोटे स्पीकर सहज बसतात.

आपला उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंत असते, आणि मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर या भागांत सावलीतलाच पारा त्याच्यापुढे जातो. खरीपपूर्व सभा नेमक्या त्याच दिवसांत असतात. काळा स्पीकर गाडीच्या टाकीवर किंवा बंद चारचाकीत ठेवू नका. सभेनंतर लगेच चार्जिंगला लावू नका. आधी तासभर सावलीत थंड होऊ द्या. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्रीच करा.

धूळ आणि पाणी यांसाठी खोक्यावर 'आयपी' हा क्रमांक असतो. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. आयपीएक्स७ असेल तर पाण्याची चाचणी झाली आहे, धुळीची नाही. विदर्भात फुफाट्याचा त्रास पाण्यापेक्षा जास्त महिने असतो, म्हणून पहिला आकडा जरूर बघा. व्हॉइस ॲम्प्लिफायरला सहसा असं संरक्षण नसतं. त्याच्यासाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि सुती कापड सॅकमध्ये कायम ठेवा.

पाचवी पायरी: लॅपटॉप, प्रोजेक्टर, व्हिडिओ

सादरीकरणाला स्पीकर वायरनंच जोडा. मोबाइलला ३.५ मिलिमीटरचं भोक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर बरोबर घ्या, आणि एक जादाही. लॅपटॉपला एचडीएमआयनं प्रोजेक्टर लावला की आवाज बहुतेक वेळा आपोआप प्रोजेक्टरच्या पोटातल्या बारक्या स्पीकरकडे जातो. नवीन माणूस इथे घाबरतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या खुणेवर जाऊन आउटपुट बदललं की झालं.

ब्लूटूथच वापरावं लागलं आणि व्हिडिओत ओठ आधी हलून आवाज मागून येऊ लागला, तर व्हीएलसी प्लेयरमध्ये 'जे' हे बटण दाबत जा. प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे सरकतो. मोबाइल विमान मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा, नाहीतर मधेच आलेला फोन सगळ्या सभेला ऐकू जातो. स्पीकरची जोडणी घरूनच करून या. गावात जोडणीच्या मोडवर ठेवलेला स्पीकर कुण्या पोराच्या मोबाइलला आधी लागतो. शिवाय बरेच स्पीकर थोडा वेळ शांतता राहिली की स्वतःहून बंद होतात. चर्चेनंतर पुन्हा व्हिडिओ लावण्याआधी दिवा बघून घ्या.

पेनड्राइव्हवर आवाज न्यायचा असेल तर फाइल एमपी३ आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मांडणीतला ठेवा. मोबाइलच्या रेकॉर्डरची फाइल कित्येक स्पीकर ओळखत नाहीत. ही सोय मेळघाटात आणि गडचिरोलीत फार मोलाची आहे. तिथल्याच एखाद्या ताईच्या आवाजात कोरकू किंवा माडियामध्ये सूचना रेकॉर्ड करून नेली, तर आपल्या मराठीत तासभर बोलण्यापेक्षा ती पाच मिनिटं जास्त काम करतात.

सहावी पायरी: दुकानात आकड्यांची परीक्षा

नागपुरात बर्डीवर घ्या, अमरावती-अकोल्यात घ्या किंवा तालुक्याच्या दुकानात, पण वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. घरी आधीच मोबाइलवर दोन आवाज रेकॉर्ड करा, एक पुरुषाचा, एक बाईचा. त्यात वीस आकडे उलटसुलट वाचा: आठ, साठ, सात, सहा, एकोणतीस, एकोणचाळीस, पंचवीस, पस्तीस, पन्नास, पंचावन्न असे. दुकानात स्पीकर पाऊण आवाजावर ठेवून ते लावा, आणि सोबतच्या माणसाला वीस पावलं लांब, रस्त्याच्या गलक्यात उभं करून ऐकू येतील ते आकडे लिहायला सांगा. मग कागद ताडून बघा. ज्याच्यावर चुका कमी तो चांगला. दुकानदार गाणं लावून दाखवू लागला तर नम्रपणे थांबवा.

माइक असेल तर त्यात स्वतः बोला आणि आवाज हळूहळू वाढवत शिट्टी कधी सुरू होते ते बघा. आवाज पूर्ण केल्यावर फाटतो का, माइकची वायर हलवली की खरखर येते का, हेही तपासा. पक्कं बिल घ्या. दुरुस्तीचं केंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे की थेट नागपूर-पुण्याला पाठवावं लागतं, ते विचारूनच पैसे द्या.

सातवी पायरी: सभेच्या ठिकाणी मांडणी

लोकांच्या आधी अर्धा तास पोचा. स्पीकर जमिनीवर ठेवू नका. बारीक आवाज सरळ जातो आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या अंगातच जिरतो. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर स्पीकर, म्हणजे बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की घुमारा वाढतो, म्हणून भिंतीपासून थोडा पुढे घ्या. अंगणात मात्र मागे भिंत असेल अशी जागा शोधा. वारा तुमच्याकडून लोकांकडे जाईल असं उभं राहा.

स्पीकर तुमच्या पुढे आणि तोंड लोकांकडे, माइक त्याच्या मागे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि त्याची जाळी मुठीत झाकू नका. माइक तोंडापासून आधीच्या निम्म्या अंतरावर आणला की त्याला मिळणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, मग स्पीकरचं बटण खाली ठेवता येतं आणि शिट्टीही थांबते. डोक्यावरचा माइक ओठांच्या समोर न धरता गालाच्या बाजूला वळवा, म्हणजे श्वासाचे फटके येत नाहीत.

सुरुवातीलाच एक आकडा सांगा आणि सगळ्यात मागे बसलेल्या ताईला विचारा, "मावशी, मी किती म्हटलं?" 'ऐकू येतंय का' विचारलं तर सगळे हो म्हणतात, संकोचानं. आकडा विचारला की खरं कळतं. नाही कळला तर आवाज वाढवण्याआधी स्पीकर त्यांच्याकडे सरकवा. प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक मागच्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करा.

नियमांचं थोडक्यात: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी तो लावता येत नाही, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. अंगणात मोठा स्पीकर लावणार असाल तर ग्रामपंचायतीला आणि पोलिस पाटलांना आधी सांगा, परवानगी कुणाकडून घ्यायची ते तिथेच कळतं.

हंगाम नसताना

सभा थांबतात त्या महिन्यांत लिथियमचा स्पीकर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका. निम्मा चार्ज ठेवून, टिनाखालच्या पोटमाळ्यावर न टाकता घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा निम्म्यापर्यंत आणा. लेड-ॲसिडवाला असेल तर उलट. तो दर महिन्याला पूर्ण चार्ज करावाच लागतो, नाहीतर बॅटरी कायमची बसते. जाळीतली धूळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा. पावसात भिजला असेल तर चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका. माइकची वायर कोपराभोवती आवळून गुंडाळली की आतली तार तुटते. सैल वेटोळं करून सुतळीनं बांधा, आणि जादा वायर, जादा सेल आणि टाइप-सीचं कनेक्टर त्याच पिशवीत ठेवा.